मॅलिनॉइजचं पिल्लू आणायचंय, ब्रीडर कसा पारखावा? (खारघर)

खारघरवासी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात होतं, आता ठरत आलंय. बेल्जियन मॅलिनॉइजचं पिल्लू आणायचं म्हणतोय. घरी मी, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि आई. खारघर सेक्टर ३५, टू बीएचके, अकरावा मजला. माझं ऑफिस ऐरोलीला, आठवड्यातले तीन दिवस जावं लागतं. बायको घरूनच काम करते. लहानपणी साताऱ्याला आमच्याकडे अल्सेशियन होता, त्यामुळे कुत्र्याची सवय आहे, पण तिथे अंगण होतं आणि दार कायम उघडं. मी रोज पहाटे पळतो. बरोबर पळेल, शिकवलेलं शिकेल असा कुत्रा हवाय.

दोघांशी बोलणं झालंय. एक कर्जतच्या बाजूचा. त्याच्याकडे दोन माद्या, त्यातली एक व्यायलीय, पिल्लं चार आठवड्यांची आहेत. फोनवर त्यानेच मला प्रश्न विचारले: घरात कोण कोण, दिवसभर कोण असतं, सोसायटीची कुरकुर आहे का, आधी कुठला कुत्रा सांभाळलाय. खरं सांगायचं तर बायको जरा वैतागलीच. दुसरा इन्स्टावरचा. पंजाबातून येणारं पिल्लू, 'इम्पोर्ट लाइन, हेवी बोन'. पंचेचाळीस दिवसांचं झालं की गाडीत बसवून देतो म्हणाला. केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) वंशावळीचे पेपर हवे असतील तर त्याचे वेगळे पैसे. व्हिडिओ मात्र झकास पाठवतो.

ब्रीडरला नेमकं काय विचारायचं, आणि पिल्लू यायच्या आधी घरात काय तयारी करायची? ज्यांच्याकडे या जातीचा कुत्रा आहे त्यांनी कृपया हातचं न राखता सांगावं.

उरणचा_वारा

पळायला जोडीदार एवढीच गरज असेल तर कारवान बघा की. आपल्या मराठवाड्यातली जात, अंगावर केस आखूड, उकाडा सोसते, घरात शांत पडून राहते. मॅलिनॉइज पोलीस आणि सैन्यवाले ठेवतात, त्यांच्याकडे प्रत्येक कुत्र्यामागे एक माणूस दिवसभर असतो. फ्लॅटमध्ये कशाला त्या जिवाचे हाल?

मिरीची_आई

सविस्तर लिहिते, कारण तुम्ही पिल्लू आणायच्या आधी विचारताय. माझ्याकडे जे फोन येतात ते बहुतेक पिल्लू सहा महिन्यांचं झाल्यावर, सोफा फाटल्यावर आणि घरात भांडणं झाल्यावर. माझी मिरी मॅलिनॉइज, पाच वर्षांची. आम्ही ठाण्यात कोलशेतला सातव्या मजल्यावर राहतो. फ्लॅटमध्ये ही जात राहू शकते, पण उरणच्या दादांचा मुद्दा खोटा नाही. घरातल्या एका माणसाचे रोजचे दोन तास तिच्यासाठी बाजूला काढलेले हवेत, पावसात आणि पाहुणे आले तरीसुद्धा. कारवानचं म्हणाल तर वारा प्यायलेला कुत्रा तो, ससा दिसला की गेला. पण खारघरवासींना शिकणारा कुत्रा हवाय, आणि तुमच्याकडे बघत 'आता काय करू?' असं सतत विचारणं हे मॅलिनॉइजच्या रक्तात आहे.

आधी इन्स्टावाल्याचं उरकते. पंचेचाळीस दिवस म्हणजे पुरते साडेसहा आठवडेही नाहीत. कुत्र्यांच्या प्रजनन आणि विक्रीचे २०१७ चे केंद्राचे नियम आहेत, त्यात आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. ब्रीडरची राज्य पशू कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नियम राहू द्या, पिल्लाचं बघा. याच दिवसांत भावंडांशी खेळताना एकाने जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ मोडतो. फार झालं तर आई गुरकावते. दात किती रोवायचे हे पिल्लू तिथे शिकतं. तिथे शिकलं नाही तर तुमच्या मुलीच्या हातावर शिकेल. शिवाय पंजाबातून इथवरचा गाडीचा प्रवास, लस अर्धवट, आसपास दहा ठिकाणची पिल्लं. पार्व्हो (पिल्लांना उलट्या-जुलाब लावणारा जीवघेणा विषाणू) असाच घरी येतो.

पेपरचे वेगळे पैसे मागतो तिथे मी बोलणं थांबवते. पिल्लांची केसीआयकडे नोंदणी करणं हे ब्रीडरचं कामच आहे. आणि पेपर मिळाले तरी त्यावर फक्त आईबाप, आजेपणजे कळतात. तब्येत कळत नाही, स्वभाव तर नाहीच.

आता कर्जत. तुम्हाला प्रश्न विचारणारा ब्रीडर हा चांगला शकुन आहे, वहिनींना सांगा. तिथे गेल्यावर पिल्लांकडे वळायच्या आधी त्यांच्या आईपाशी थांबा. पिल्लं सगळीच गोड असतात, त्यांच्याकडे बघून माणसाची अक्कल चालत नाही. 'आई दुसऱ्या फार्मवर आहे', 'आई अनोळखी माणसाला चालत नाही' असं ऐकलंत तर चहा पिऊन परत या.

मिरीच्या आईची भेट सांगते. आम्ही फाटकाशी पोचलो तेव्हा ती कान उभारून जोरजोरात भुंकत होती. मालक 'बस' म्हणाला, ती थांबली. जवळ आली, माझ्या चपला हुंगल्या, पंजाबीची ओढणी हुंगली, एकदा तोंडाकडे बघितलं आणि आंब्याखाली जाऊन बसली. लाडात आली नाही, अंगावरही आली नाही. तेवढ्यात पलीकडे गड्याच्या हातून लोखंडी घमेलं सिमेंटवर पडलं. ती दचकून चांगली हातभर बाजूला उडाली. क्षणभर थबकली, मग स्वतःहून चालत गेली आणि घमेल्याला नाक लावून आली. मी मनात तिथेच होकार दिला. या जातीचा कुत्रा आवाजाला, हालचालीला पटकन उठणारच. दचकल्यावर किती लवकर सावरतो ते बघायचं. हा गुण बऱ्याच अंशी आईकडून येतो, रक्तातून आणि तिचं बघून, दोन्हीकडून. खारघरला मेट्रो, जेसीबी, शेजारचं बांधकाम, गणपतीत ढोलताशे. भित्र्या आईचं पिल्लू अकराव्या मजल्यावर लिफ्टसमोर पाय रोवून उभं राहील, आणि घाबरलेल्या मॅलिनॉइजला पळायला जागा नसली की तो दात वापरतो.

कर्जतच्या मादीचं वय विचारा, हे कितवं वेत तेही विचारा. नियमाप्रमाणे मादी दीड वर्षाच्या आत गाभण करायची नाही, वर्षात एकच वेत आणि आयुष्यात पाचच्या वर नाही. आईबाप दोघांच्या खुब्याचे आणि कोपरांचे एक्स-रे दाखवायला सांगा. 'पाय बघा कसे मजबूत आहेत' हे उत्तर नव्हे. हिप डिस्प्लेसिया (खुब्याचा सांधा नीट न बसणं) वरून दिसत नाही, आणि असे कुत्रे दोन-तीन वर्षांचे होईपर्यंत उड्या मारताना दिसतात. आधीच्या वेतातलं एखादं पिल्लू कुणाकडे आहे विचारा आणि त्यांना फोन करा. पिल्लं कशावर वाढतायत तेही बघा. गुळगुळीत लाद्यांवर पाय फाकत असतील तर सांध्यांना वाईट. खरखरीत जमीन, माणसांचा वावर, घरातले आवाज हवेत.

पिल्लू तुम्ही निवडू नका, ब्रीडरला निवडू द्या. रोज दिवसभर तो त्यांना बघतोय. स्पष्ट सांगा: घरात लहान मुलगी, वयस्कर आई, फ्लॅट. पॅन्टला लोंबकळून सोडतच नाही ते पिल्लू बघताना भारी वाटतं, पण ते कामावरच्या हॅन्डलरला शोभतं. तुम्हाला मधलं हवं: येतं, खेळतं आणि उचलून घेतलं की काही वेळाने अंग सैल सोडतं.

तयारीचं. 'रोज पळवून दमवू' हा विचार काढून टाका. पहिलं वर्षभर तर पळवायचंच नाही. हाडांची वाढीची टोकं मिटायला बारा ते अठरा महिने लागतात. पुढेही नुसतं पळवून ही जात दमत नाही. तिचा दम वाढत जातो आणि तुमचा संपतो. तिला पहिल्या दिवसापासून काही न करता पडून राहणं शिकवा. मिरीचं असं केलं: स्वयंपाकघराच्या दारात एक गोणपाट. मी पोळ्या लाटत असताना ती त्यावर. चारही पाय गोणपाटावर असले की तिच्या पुढच्या पायांमध्ये जेवणातलाच एक दाणा टाकायचा, बोलायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही. सुरुवातीला दर पोळीला एक दाणा, मग दोन पोळ्यांमागे. हळूहळू मान खाली टाकायला लागली. आज पाहुणे आले की ती आपणहून गोणपाट गाठते. लहान पिल्लाला दिवसाकाठी अठरा-वीस तास झोप लागते. संध्याकाळी ते वेड्यासारखं चावत सुटलं तर बहुतेक वेळा झोप अपुरी असते, लोक मात्र त्याला आणखी खेळवतात.

डोकं चालवायला द्या. अर्धं जेवण वाटीत न देता पुठ्ठ्याच्या खोक्यात, कागदाच्या बोळ्यांत लपवून शोधायला लावा. दहा मिनिटं हुंगण्याचं काम त्याला चांगलं थकवतं.

घरात क्रेट (कुत्र्याला झोपायचा पिंजरा), स्वयंपाकघराला बेबी गेट, मार्बलवर सतरंज्या किंवा रबरी मॅट. आणि अकरावा मजला आहे, तेव्हा बाल्कनीला जाळी आधी, पिल्लू नंतर. आईंच्या पायात येऊन त्या पडण्याची मला जास्त काळजी वाटते. सुरुवातीचे महिने घरातसुद्धा पिल्लाला हलका पट्टा लावून तुमच्यापैकी एकाच्या कमरेला.

वाशीचा_पशुवैद्य

ताईंनी छान लिहिलंय. वैद्यकीय बाजू जोडतो. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग दर तीन-चार आठवड्यांनी, शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर. मधला एखादा डोस चुकवू नका. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो आणि साध्या फिनाइलने मरत नाही. ब्लीच एकास तीस पाणी, आणि पुसल्यावर लगेच कोरडं न करता दहा मिनिटं ओलं ठेवा.

अडचण अशी की जगाची ओळख करून घेण्याचं वय साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत संपत येतं आणि लसी सोळाव्याला पुऱ्या होतात. म्हणून लस होईपर्यंत जमिनीवर सोडू नका, पण कडेवर घेऊन रोज बाहेर न्या. स्टेशनबाहेरची गर्दी, रिक्षा, रेनकोट घातलेली माणसं, छत्र्या, शाळा सुटतानाची मुलं लांबून दाखवा. तिथे दिलेला खाऊ पिल्लू खात असेल तर अंतर बरोबर आहे. खाणं थांबवलं तर मागे या.

लेप्टोची लस नक्की घ्या. आपल्याकडे पावसात उंदरांच्या मुताने दूषित झालेलं पाणी सगळीकडे साचतं आणि हा आजार माणसालाही होतो. गोचिडांचा बंदोबस्त वर्षभर. गोचीडतापाचे कुत्रे माझ्याकडे बाराही महिने येतात. कुत्रा एक दिवस जेवला नाही, अंग गरम, हिरड्या फिक्या, की रक्त तपासा, वाट बघू नका.

सीवूड्स_पहाटफेरी

दोनच गोष्टी. कुत्र्याच्या परवान्यासाठी नवी मुंबई महापालिकेत खेटे घालू नका, खारघर पनवेल महापालिकेत येतं. आणि सोसायटीने लिफ्टवरून वाद घातला तर प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना दाखवा. पाळीव प्राण्यांना सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. अर्थात घाण स्वतः उचला, लिफ्टमध्ये पट्टा आखूड धरा, म्हणजे वेळच येणार नाही.

एप्रिल-मे मध्ये सातच्या आत फेरी उरका. कुत्रा धापा टाकून अंग गार करतो, आपल्याकडच्या दमट हवेत ते नीट होत नाही. डांबरावर हाताची पालथी बाजू पाच सेकंद टेकवून बघा. सोसवली नाही तर त्याच्या पंज्यांनाही सोसणार नाही.

मिरीची_आई

फिरायला टेकडीवर न्याल तर पट्टा सोडू नका. मी इथे येऊरला मिरीला नेतच नाही. राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबटे आहेत, आणि ते घर त्यांचं आहे.

खारघरवासी

सगळ्यांचे मनापासून आभार. इन्स्टावाल्याला नकार कळवला. कर्जतला फोन करून एक्स-रेचं विचारलं. मादीचे आहेत, नराचे त्याच्या मालकाकडून मागवतो म्हणाला. येत्या रविवारी चौघंही जातोय. बायको स्वतः म्हणाली, त्याचे प्रश्न बरोबर होते. बाल्कनीच्या जाळीवाल्याला उद्या बोलावलंय. रविवारी आणखी काही लक्षात ठेवायचं का?

मिरीची_आई

नराचे एक्स-रे हातात पडेपर्यंत आगाऊ रक्कम देऊ नका, कितीही आवडलं तरी. वाटेत दुसऱ्या कुठल्या कुत्र्यांपाशी थांबू नका, तिथे पोचल्यावर हात धुवा आणि चपला बाहेर काढा, पिल्लांच्या लसी व्हायच्यात. मुलीला आधीच सांगा: पिल्लांच्या आईला आपणहून हात लावायचा नाही, ती हुंगायला आली तर उभं राहायचं. घरचा एक जुना टॉवेल न्या आणि पिल्लांच्या अंथरुणात ठेवून या. पिल्लू आठ आठवड्यांचं होऊन घरी येईल तेव्हा तोच टॉवेल क्रेटमध्ये घाला. आणि ब्रीडर आत्ता काय खायला घालतोय ते लिहून आणा. पहिला आठवडा तेच द्यायचं, एकदम बदललं की जुलाब लागतात.