सव्वादोन लाख हातात आहेत. गावातच स्टुडिओ टाकू की पुण्याला जाऊ?

कापूसवाला_गेवराई

नमस्कार मंडळी. वय २५, गाव गेवराईपासून ११ किलोमीटरवर. दोन वर्षं मंडप-साउंडवाल्याकडं होतो. बॉक्स उचलण्यापासून मिक्सरवर बसण्यापर्यंत सगळं केलं. लॉकडाऊनमध्ये जुना लॅपटॉप घेतला, त्यावर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर शिकलो आणि तेव्हापासून घरामागच्या खोलीत गाणी करायलोय. आजपर्यंत ४३ झाली. आराध्यांची, सप्त्यातली भजनं, भीमगीतं, ग्रामपंचायत निवडणुकीची, वाढदिवसाची. चाली बहुतेक माझ्याच.

औंदा कापसाचे आणि माझे साठवलेले मिळून सव्वादोन लाख झालेत. अप्पा म्हणतात, एकदाच देतो, काय करायचं ते ठरव. दोन रस्ते दिसतात. एक म्हणजे इथलीच खोली नीट करून चांगला माईक, स्पीकर घ्यायचे. दुसरा, पुण्यात खोली घेऊन एखाद्या स्टुडिओत हाताखाली राहायचं.

आत्ताचे त्रास सांगतो. खोली १० बाय १० ची, उंचीपण १० च, वर पत्रा. आवाज घुमतो. अंड्याचे ट्रे लावले, फरक नाही. हलगी रेकॉर्ड केली की फाटते. माईकमध्ये बारीक गुणगुण येते, रात्री जास्त कळते. लोक निम्मे पैसे देतात, बाकीचे 'सुगी झाल्यावर'. आणि गेल्या साली एका कंपनीनं माझी ६ गाणी ९ हजारांत घेतली. गाणी नेटवर आली, त्यात गायकाचं नाव आहे, कंपनीचं आहे, माझं कुठंच नाही. सही कशावरच केली नव्हती. हे मनाला फार लागलंय.

अनुभवी लोकांनी सांगावं.


लातूर_ध्वनी

लेकरा, मी २००४ ला लातुरात कॅसेटच्या दुकानात कॉपी मारायच्या कामावर लागलो. माझ्या स्वतःच्या खोलीला १४ वर्षं झाली. तुझे प्रश्न वाचताना माझीच जुनी वही उघडल्यासारखं वाटलं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी गुणगुण, कारण तिला पैसे लागत नाहीत. रात्री सगळं शांत झाल्यावर लॅपटॉपचा चार्जर काढ आणि बॅटरीवर रेकॉर्ड कर. गुणगुण गेली तर दोष माईकचा नाही, अर्थिंगचा आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, तिची गुणगुण ५०, १००, १५० वर बसते आणि गाण्याच्या आवाजातून ती कापायला गेलास तर गळ्याचा भरावपण जातो. खड्डा घेऊन कोळसा-मीठ घालून नीट अर्थिंग करून घे, इंटरफेस म्हणजे माईक लॅपटॉपला जोडायची पेटी, लॅपटॉप, स्पीकर सगळं एकाच बोर्डावर लाव. मोटारी सुरू झाल्या की आपल्याकडं व्होल्टेज पडतं, म्हणून एक स्टॅबिलायझर आणि यूपीएस. हा खर्च माईकच्या आधी.

आता खोली. लांबी, रुंदी, उंची तिन्ही सारखी, याच्यापेक्षा वाईट माप नाही. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. १० फुटांच्या दोन भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून फुगतो, आणि तुझ्या खोलीत तो तिन्ही बाजूंनी एकाच जागी फुगतो. त्याच्या दुपटीवर, तिपटीवर परत तेच. ढोलकीची धुम आणि पखवाजाचा डावा हात तुला खोटा ऐकू येतो, मग तू तो कापतोस, आणि गाणं बाहेर वाजलं की पोकळ वाटतं. असंच होतंय ना? अंड्याचे ट्रे फक्त वरची चुरचुर थोडी पसरवतात, खालच्या सुराला त्यांचा काही उपयोग नाही, आणि ते पेटतात. काढून टाक. चारही कोपऱ्यांत खालपासून वरपर्यंत ४ इंच जाडीचं रॉकवूल, म्हणजे आवाज शोषणारी दगडी लोकर, लाकडी चौकटीत बसव, वरून सुती कापड. चौकट आणि भिंतीमध्ये वीतभर जागा सोड. पत्र्याखाली बांबूची चौकट करून त्यावर जुन्या गाद्या टाकता येतील, पण वायरिंग तिथून लांब ठेव, कापूस आहे तो. गाणाऱ्याच्या पाठीमागं दोन जाड वाकळा टांग. माझ्याकडं आजही आईनं शिवलेली वाकळच आहे. विकतच्या फोमच्या नादी लागू नको, तो पातळ असतो.

हलगी फाटते ती गेनमुळं, म्हणजे माईकचा आवाज आत घेतानाच जास्त वाढवल्यामुळं. मंडपातला हात आहे तुझा, तिथं आपण लाल दिव्यापर्यंत नेतो. इथं २४ बिटवर रेकॉर्ड कर आणि सगळ्यात जोराचा तडाखा मीटरवर –१२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नको. खाली भरपूर जागा असते, नंतर वाढवता येतं. रेकॉर्डिंगलाच तडा गेला तर तो कुठल्या प्लगिननं सांधत नाही. माईक ४ फूट लांब, तोंड चामड्याच्या मधोमध नको, जरा कडेला. ४८ व्होल्टवाला नाजूक कंडेन्सर माईक हलगीला लावायची गरज नाही, एसएम ५७ सारखा साधा, दणकट डायनॅमिक माईक पुरतो. आणि हलगी शेकली की लगेच घ्यायचं. पावसाळ्यात दोन टेकमध्ये चामडं उतरतं, परत शेकायला वेळ द्यायचा. हलगीवाल्याला घाई करणारा माणूस मला स्टुडिओत चालत नाही.

भजनात टाळ सगळ्या माईकमध्ये शिरतात. टाळकऱ्यांना गायकाच्या माईकच्या बरोबर पाठीमागं, दहा-बारा फुटांवर उभं कर. कार्डिऑइड, म्हणजे समोरचं ऐकणारा माईक पाठीमागून सगळ्यात कमी ऐकतो. खोलीत तेवढी जागा नसेल तर देवळात जाऊन रेकॉर्ड कर, मी तेच करतो.

मिक्स झालं की मोबाइलवर आणि ट्रॅक्टरच्या डेकवर ऐक. आपला ऐकणारा तिथं आहे. लोक 'अजून मोठं करा' म्हणतात, म्हणून दाबून दाबून सपाट करू नको. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला गाणी साधारण –१४ एलयूएफएसवर आणून वाजवतं, गाणं कानाला किती मोठं वाटतं त्याचं ते माप. जास्त मोठं केलेलं तिथं खाली ओढलं जातं आणि हलगीचा जीव मात्र आधीच गेलेला असतो.

आता ती ६ गाणी. ते वाचून मला वाईट वाटलं, कारण चाल तुझी आहे. आपण स्वतःला म्युझिक प्रोड्यूसर म्हणतो, पण १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ज्यानं पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. पैसे घालून काम करवून घेणारा बहुतेक वेळा तोच ठरतो. ध्वनिमुद्रणाचा हक्क ६० वर्षं चालतो आणि तो त्याच्याकडं जातो. पण चाल आणि शब्द यांचे हक्क वेगळे. ते दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सही केलेला कागद लागतो. कागदात मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा असा सहज लिहून घेता येत नाही. तू त्यांच्याकडं पगारी नव्हतास, सही केली नाहीस, म्हणजे तुझी बाजू रिकामी नाही. जुने प्रोजेक्ट, तारखा, व्हॉट्सअॅपवरची बोलणी जपून ठेव आणि एखाद्या वकिलाला दाखव. आयपीआरएस, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था, तिचं सभासदत्व संगीतकार म्हणून घे. इथून पुढं प्रत्येक गाण्याआधी एक पानाचा कागद : शब्द कुणाचे, चाल कुणाची, वाजवलं कुणी, नाव कुठं येणार, पैसे किती. सही झाल्याशिवाय माईक लावायचा नाही.

पैशांचं सांगतो. निम्मे आधी. मिक्स ऐकवायचं ते तुझ्या खोलीत किंवा मधूनमधून बीप टाकलेलं. बाकी आल्यावरच मूळ फाइल. 'सुगी झाल्यावर' म्हणणाऱ्याला मी म्हणतो, दादा, गाणंपण सुगी झाल्यावर घेऊन जा. लोक रागावत नाहीत. कामाची किंमत कळते त्यांना.

आणि एक काम आजच कर. दोन हार्ड डिस्क घे, एक घरात, एक बहिणीकडं किंवा मित्राकडं. २०१३ ला मी तुळजापूरकडच्या एका आराधी बाईंची ८ गाणी केली होती. आवाज असा की मी पहिल्या टेकला बटण दाबायचं विसरलो होतो. पुढं डिस्क भरली म्हणून मूळ रेकॉर्डिंग मी पुसलं. २०१९ ला त्यांचा नातू आला. बाई गेल्या होत्या. त्याला फक्त त्यांचा आवाज हवा होता, वाद्यांशिवाय. माझ्याकडं नव्हता. त्याच्या मोबाइलमध्ये व्हॉट्सअॅपवर फिरून फिरून बारीक झालेली एक एमपी३ होती, तीच मी साफ करून दिली. तो काही बोलला नाही, चहा घेऊन गेला. तेव्हापासून मी काहीही पुसलेलं नाही.

माझं मत, इथंच राहा.


परत_नांदेडला

लातूरच्या काकांचं तांत्रिक सगळं पटलं, खोलीचं तर शब्द न् शब्द. पण शेवटच्या ओळीशी मी सहमत नाही.

मी पुण्यात आणि मग मुंबईत मिळून ४ वर्षं डबिंग स्टुडिओत होते. पहिले सहा महिने फक्त केबल गुंडाळणं आणि फाइलींना नावं देणं. पण शेजारी बसलेला माणूस रोज सांगायचा, इथं 'स' टोचतोय, इथं श्वास कापलास, गाणारी गुदमरल्यासारखी वाटते. भाऊ, गावात तुला हे सांगणारं कुणी नाही. तू ४३ गाणी केलीस आणि त्यातली चूक दाखवणारा एकही माणूस तुझ्या लिहिण्यात नाही. माझे कान त्या सहा महिन्यांत बदलले.

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधला ध्वनिमुद्रणाचा अभ्यासक्रम उत्तम आहे, पण तो तीन वर्षांचा पदव्युत्तर आहे, त्यासाठी पदवी लागते. खासगी कोर्सवाल्यांना लाख-दीड लाख देऊ नकोस. सव्वादोन लाखांतले ४०-५० हजार बाजूला काढ आणि कापसाचं काम नसेल तेव्हा ४ महिने जाऊन कुणाच्या तरी शेजारी बस. उरलेल्यात खोली कर. एक मुलगी म्हणून मला परत येऊन इथं मिक्सरवर बसणं सोपं गेलं नाही. आयोजक विचारायचे, साउंडवाला कुठाय? तरी आले, कारण माझं काम इथं आहे.


मृदंग_गंगाखेड

मी वाजवणारा माणूस. दोनच गोष्टी. पखवाजाला लावलेली कणीक पंख्यानं वाळते आणि डावा सूर चढत जातो. पंखा बंदच ठेवा, आणि दर दोन अभंगांनंतर कणीक भिजवायला वेळ द्या. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली दुपारी बोलावू नका, पहाटे बोलवा, गळापण तेव्हाच लागतो.

दुसरं, वादकाचं पाकीट त्याच दिवशी द्या. ज्याच्याकडं पैसे हातात मिळतात, त्याच्याकडं आम्ही तारीख मोडून जातो.


लातूर_ध्वनी

नांदेडच्या ताई, तुमचं बरोबर आहे. मला कॅसेटच्या दुकानात एक म्हातारे रेकॉर्डिस्ट मिळाले होते, त्यांनी माझे कान पिळले. ते मी लिहायचं विसरलो आणि लेकराला एकट्यानं राहा म्हणून सांगून बसलो. जाऊ दे त्याला ४ महिने. तोवर गेवराईहून लातूर काही लांब नाही, महिन्यातून एकदा मिक्स घेऊन ये, दोघं बसून ऐकू.


कापूसवाला_गेवराई

काका, ताई, दादा, तिघांचे आभार. रात्री चार्जर काढून बघितलं, गुणगुण गायब. दोन वर्षं मी माईकला दोष देत होतो. अंड्याचे ट्रे सकाळी काढले, अप्पांनी विचारलं काय झालं, त्यांना हा सगळा धागा वाचून दाखवला. आराधी बाईंचं आलं तिथं ते उठून बाहेर गेले. माझी आजीपण आराधी होती.

अर्थिंगवाला गुरुवारी येतोय. रॉकवूल बीडला मिळत नाही म्हणतात, संभाजीनगरला चौकशी करतो. पुण्याचं जानेवारीनंतर, वेचणी उरकली की. काका, तुमच्या एक पानाच्या कागदाचा नमुना इथं टाकाल का? शनिवारी पहाटे शेजारच्या गावचं आराधी मंडळ येतंय, त्यांच्यापासूनच सही घ्यायला सुरुवात करतो.