एमएस : सकाळी चालते, दुपारी पाय ओढावा लागतो

वऱ्हाडची_बाई, अकोला
एमएसचं (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) निदान गेल्या वर्षी झालं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सकाळी एसटी स्टँडवरून शाळेपर्यंत आरामात जाते. उन्हं चढली की डावा पाय जड होतो, चवडा उचलत नाही, उंबरठ्याला अडतो. चप्पल पायातून निसटून मागे राहते आणि मला पत्ताच नसतो. थकवा तर असा, की खडू धरलेला हात फळ्यापर्यंत नेववत नाही. सासूबाई म्हणतात, "दिसतेस तर धडधाकट." त्याचं फार लागतं मनाला. हा एमएसचा नवा अटॅक, म्हणजे आजार पुन्हा उफाळणं, समजायचं का?

सिंहगड_रोड
ताई, मलाही उन्हाळ्यात अगदी हेच होतं. मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण झिजलेलं असलं, की शरीराचं तापमान अर्ध्या डिग्रीने वाढलं तरी मेंदूचा निरोप पायापर्यंत नीट पोचत नाही. उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने हे १८९० मध्येच टिपलंय. अंग गार झाल्यावर पाय पूर्ववत होत असेल तर सहसा तो अटॅक नसतो. त्रास २४ तासांच्या वर टिकला किंवा काही नवीनच सुरू झालं, तर न्यूरॉलॉजिस्टना लगेच फोन करा. ताप किंवा लघवीचं इन्फेक्शन असलं तरी असंच होतं, तेही तपासा. मी मानेवर ओला पंचा ठेवतो, सोबत बर्फाचं पाणी.

फिजिओ_नाशिक
आधी चप्पल बंद करा, मागे पट्टा असलेली सँडल घ्या. चवडा लोंबतो त्याला फूट ड्रॉप म्हणतात. घोट्याला एएफओ (पाऊल वर धरून ठेवणारा आधार) लावला की अडखळणं बरंच कमी होतं. दवाखान्यात २५ फूट चालायला लावून वेळ मोजतात. तेवढ्यात तुमचा दुपारचा पाय दिसणारच नाही, म्हणून सहा मिनिटं चालवून बघा असं आवर्जून सांगा. फॅम्प्रिडीन या गोळीने काहींचा चालण्याचा वेग सुधारतो, पण फिट्सचा इतिहास किंवा किडनीचा त्रास असेल तर ती चालत नाही. मनाने घेऊ नका.

सिंहगड_रोड
आणि २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एमएसचं नाव स्पष्ट आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. अवघड तास सकाळी द्या, वर्गात उंच खुर्ची द्या, असं मुख्याध्यापकांना लेखी मागा.

वऱ्हाडची_बाई, अकोला
शाळेतून घरी आल्यावर फरशीवर पडून राहिले की तासाभरात पाय सुटतो, म्हणजे उष्णताच असावी. जीव भांड्यात पडला. खुर्चीचा अर्ज आज रात्रीच लिहिते. थकव्यासाठी डॉक्टरांनी अमँटाडीन हे औषध सुचवलंय. कोणी घेतलंय का? झोपेवर परिणाम होतो का?