आधी कॉटर बघा, मग रंग

जुनी सायकल नीट करायची तर ‘आधी फ्रेम घासून नवा रंग द्या, मग बाकीचं’ असं म्हणतात, ते मला पटत नाही. जुन्या सायकलीचा जीव क्रँकच्या कॉटरमध्ये असतो, म्हणजे पेडलचा दांडा (क्रँक) मधल्या आसावर घट्ट धरणाऱ्या पाचरीसारख्या खिळ्यात. माझी काळी रोडस्टर सायकल कोल्हापूरच्या शाहूपुरीतून जुनी घेतली, तेव्हा पन्हाळ्याच्या चढाला पेडलच्या दर फेऱ्याला ‘टक्’ वाजायचं. पेडल बदलले, चेन बदलली, आवाज तसाच. शेवटी गंगावेशीतल्या मामांनी कॉटर काढून दाखवला. त्याची तिरपी बाजू दबून खाच पडली होती. नवा कॉटर कानशीने घासून नीट बसवला आणि आवाज गेला. ठोकताना क्रँकला खालून लोखंडी नळीचा आधार द्या, नाहीतर सगळा मार आतल्या छऱ्यांवर जातो. पहिली चक्कर झाली की परत एकदा ठोकून मगच नट आवळायचा. पकड पाचरीची असते, नटाची नाही.

आणि टायर घेताना नुसतं ‘अठ्ठावीस’ सांगू नका. आपल्या जुन्या रोडस्टरच्या २८ × १½ इंची टायरची रिम, टायर बसतं तिथे, ६३५ मिमी व्यासाची, हल्लीच्या सायकलींच्या ‘७००सी’ मापाची ६२२. दोन्हींना अठ्ठावीसच म्हणतात, पण एकाचं टायर दुसऱ्यावर बसत नाही. रंगाचं मी तीन वर्षं झाली तरी मनावर घेतलेलं नाही. मूळच्या सोनेरी रेघा अजून दिसतात, त्या पुसायला हात धजत नाही.