विषय: उत्तर: उत्तर: तिकिटांचं पान परत बसलं!!

मंडळी,
दिवाळी कार्यक्रमाचं तिकिटांचं पान शनिवारपासून तिसऱ्यांदा बसलंय. गणपतीत झालं तेच. तूर्त भारतातून येणारं सगळं अडवून ठेवलंय. उगाच रिफ्रेश मारत बसू नका.
– सचिव

> भारतातून येणारं सगळं अडवून ठेवलंय

अहो, साइट नाशिकहून मीच सांभाळतो ना! रात्रीचा दीड वाजलाय आणि मला माझ्याच घराबाहेर उभं केलंत. होस्टिंगवाल्याकडून लॉग मागवले. हा सिन फ्लड आहे, म्हणजे साइटला जोडणी मागणाऱ्या अर्धवट विनंत्यांचा पूर. समजा, मिसळीच्या दुकानात टोळी शिरते, सगळी टेबलं अडवते, पाणी मागते आणि ऑर्डर देतच नाही. मालक वाट बघतो, खरं गिऱ्हाईक दारातून परत. त्यात पाठवणाऱ्यांचे पत्ते बहुधा बनावट, मग देश बघून दार लावून काय उपयोग? सिन कुकीज चालू करा. आल्याआल्या टेबल नाही, हातात टोकन. ते घेऊन परत येईल त्यालाच बसवायचं. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट कंपनीवर असाच मारा झाला, तेव्हापासूनचा उपाय आहे. फुकट.
– नाना, गंगापूर रोड

नाना, कार्डांचे नंबर गेले का? आणि फुकट असो की काही, मला विचारल्याशिवाय चालू करू नका. गेल्या वर्षीचं जादा बँडविड्थचं बिल कोणी मंजूर केलं ते अजून कळलेलं नाही.
– खजिनदार

नाशिकला पाणी मागून बसलेल्याला कोणी उठवत नाही हो. आणि मिसळ म्हणजे काळ्या मसाल्याची, शेजारी पापड. मागच्या पॉटलकला होती तिला मी मिसळ म्हणत नाही.
– माई

माई, ती माझी होती.
नानाकाका, गणपतीत हल्ला नव्हताच. सात वाजता तिकिटं खुली झाली आणि आपलेच लोक तीन-तीन खिडक्या उघडून बसले. आत्ताही तसंच नसेल कशावरून?
– युवा विभाग

गणपतीत आपलेच होते, मान्य. पण आपली माणसं हँडशेक, म्हणजे जोडणीची सुरुवातीची देवाणघेवाण, पुरा करून आत येतात आणि मग पानावर अडकतात. इथे दार वाजवून पुढे कोणी येतच नाही, अर्धवट कनेक्शनांची रांग तुडुंब. खजिनदारसाहेब, ही चोरी नव्हे, नुसती अडवणूक. गल्ल्याला हात लागल्याची खूण लॉगमध्ये नाही. बाकी तपासायला मला आत यावं लागेल. सचिव, भारत उघडा!
– नाना

नाना, अडवायचं बटण सापडलं होतं. उघडायचं सापडत नाहीये. फोन करता का?
– सचिव