रवाल चालीच्या मारवाडी घोडीला दुडकीवर कसे आणावे? (मदत हवी आहे)

नमस्कार. सोलापूरहून तुळजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमची शेती आहे. दोन वर्षांपूर्वी अकलूजच्या घोडेबाजारातून घेतलेली एक मारवाडी घोडी आमच्याकडे असून ती आता सात वर्षांची आहे. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघाने ड्रेसेजचे, म्हणजे स्वाराच्या सूक्ष्म इशाऱ्यांवर घोड्याने ठरावीक चाली व हालचाली करून दाखवण्याच्या प्रकाराचे, सुवर्णपदक मिळवले, तेव्हा माझ्या मुलीने हा प्रकार प्रथम पाहिला आणि तेव्हापासून तिला त्याचाच ध्यास लागला आहे. तिला शिकवण्यासाठी पुण्याहून एक सर महिन्यातून दोनदा येतात. मधल्या दिवसांत सराव आम्हालाच करून घ्यावा लागतो आणि अडचण तिथेच आहे.

ही घोडी पूर्वी वरातीत नाचवली जात असे. तिचा काटेरी लगाम आम्ही पहिल्याच आठवड्यात काढून टाकला, परंतु लगाम जरा ताणला गेला की ती आजही मान वर फेकते आणि जागच्या जागी पाय आपटू लागते. पाहणाऱ्यांना हे ड्रेसेजमधल्या पियाफसारखे, म्हणजे जागच्या जागी लयीत पाय उचलण्याच्या हालचालीसारखे वाटते. सरांचे म्हणणे असे की, दोन्ही गोष्टी दिसायला सारख्या असल्या तरी आतून अगदी उलट आहेत. पियाफमध्ये घोडा मागचे पाय पोटाखाली घेऊन पुठ्ठा (शरीराचा मागचा भाग) खाली करतो आणि पाठ उचलतो, तर आमच्या घोडीची पाठ खोल जाते आणि मागचे पाय मागेच राहतात. लय, मोकळेपणा, लगामाशी संपर्क, मागच्या पायांचा जोर, सरळपणा आणि सर्वांत शेवटी शरीर एकवटणे, अशा सहा पायऱ्यांच्या जर्मन पद्धतीने ते शिकवतात. आम्ही अजून पहिल्याच पायरीवर आहोत आणि मला ते मान्य आहे.

मुलीलाही त्यांनी पहिले दोन महिने लगाम हाती दिला नाही. घोडी लांब दोरीवर वर्तुळात फिरत असते आणि मुलगी रिकिबीशिवाय, डोळे मिटून, मागचा कोणता पाय जमिनीवर पडतो आहे ते सांगते. स्वाराचा तोल लगामावर असेल तर त्याची किंमत घोड्याचे तोंड मोजते, म्हणून व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्येही नव्या स्वारांची बैठक आधी अशीच घडवतात. टाच लावल्यावर घोडी पुढे निघाली की त्याच क्षणी पाय सैल सोडायचा, कारण दाब निघून जाणे हेच तिचे बक्षीस, यावर सरांचा फार कटाक्ष असतो. माझे चुलते आयुष्यभर घोडी सांभाळत आले आहेत. त्यांना हा सारा वेळेचा अपव्यय वाटतो आणि मान आवळून बांधावी असा त्यांचा आग्रह असतो. त्यांच्या अनुभवाचा मला आदर आहे, पण मान बांधल्याने पाठ उचलली जाईल हे मला पटत नाही.

आता मूळ प्रश्न. लगाम लांब सोडला की घोडी मान खाली घेऊन शांतपणे चार ठोक्यांत चालते. दुडकी मागितली की मात्र ती रवाल चाल धरते. दुडकीत तिरक्या जोडीचे पाय एकदम पडून दोन ठोके ऐकू यायला हवेत. रवालमध्ये एका बाजूचे पाय पाठोपाठ पडतात, त्यामुळे स्वाराला हादरा बसत नाही, पण ड्रेसेजसाठी हवी ती लय मिळत नाही. सरांच्या सांगण्यावरून आम्ही साडेचार फुटांच्या अंतराने चार बांबू जमिनीवर मांडले. त्यांच्यावरून जाताना ती स्वच्छ दुडकी धरते आणि पुढे पाच-सहा पावलांत पुन्हा रवालवर येते.

हा सराव काही आठवडे स्वाराशिवाय, केवळ दोरीवर करावा का? दुडकीच्या लयीत उठबस करणाऱ्या स्वारामुळे तिला मदत होते की अडथळा? रवाल ही तिची कमावलेली चाल आहे आणि ती पुसून टाकावी असे मला मुळीच वाटत नाही. वेगळ्या इशाऱ्यावर ती कायम ठेवता येते का? शिवाय आमची काळी जमीन उन्हाळ्यात दगडासारखी कडक होते, त्यामुळे आखलेल्या वीस बाय चाळीस मीटरच्या मैदानात वाळू टाकण्याचा विचार आहे. घोडीचे सांधे आणि स्नायुबंध सुरक्षित राहतील असा थर किती असावा?

मारवाडी किंवा काठेवाडी घोड्याला ज्यांनी रवालवरून दुडकीवर आणले आहे, त्यांनी किती काळ लागला आणि मध्ये काय चुकले, हे कृपया सविस्तर लिहावे. सर पुढच्या रविवारी येणार आहेत. त्याआधी उत्तरे मिळाल्यास ती मी त्यांच्यापुढे ठेवीन.