सिडनीतील प्रतिज्ञापत्रे आणि एआय

वकील, जळगाव: माझा पुतण्या सिडनीत वकिली करतो. तेथे प्रतिज्ञापत्र एआयकडून लिहून घेण्यास मनाई आहे, असे तो सांगतो. हे खरे आहे का?

धुळेकर: होय ताई. सिडनी ज्या राज्यात आहे, त्या न्यू साउथ वेल्सच्या सुप्रीम कोर्टाची तशी सूचना ३ फेब्रुवारी २०२५ पासून लागू असून, प्रतिज्ञापत्रात साक्षीदाराची स्वतःची माहितीच यावी म्हणून जनरेटिव्ह (मजकूर स्वतः तयार करणारे) एआय वापरले नसल्याचे त्यातच नमूद करावे लागते. तज्ज्ञाच्या अहवालासाठी ते वापरायचे झाल्यास कोर्टाची पूर्वपरवानगी लागते.

वाचक, नंदुरबार: लेखी युक्तिवादात सरसकट बंदी नाही, मात्र उद्धृत केलेले निवाडे खरोखर अस्तित्वात आहेत, अचूक आहेत आणि प्रकरणाशी संबंधित आहेत, याची पडताळणी माणसानेच करायची असते. आपल्याकडे जुना मसुदा न वाचता पुढे सरकवणाऱ्यांना हे जडच जाईल.