दोन मोठ्या राज्यांच्या मधात सापडलेला वकील कसा खेळावा?

कापूसकोंड्या:
राम राम मंडळी. डिस्कॉर्ड नावाच्या चॅटच्या अ‍ॅपवर आमच्या आजूबाजूच्या गावातल्या पोट्ट्यांनी एक सर्व्हर काढलं आहे, राज्य-राज्य खेळायचं. नकाशा काल्पनिक, काळ साधारण अठराव्या शतकातला, आठवड्याला एक टर्न, निकाल जीएम म्हणजे गेम चालवणारा देते. सगळे राजे नाहीतर सेनापती झाले अन मी घेतलं वकिलाचं, म्हणजे राजाच्या दूताचं कॅरेक्टर, कारण फौजेचा हिशोब ठेवायचा मले कंटाळा येते अन शेतातली लाइन रात्रीची असली की मोटर चालू कराले जावं लागते, लढाईच्या टायमाले मी ऑनलाइन राहीनच असं नाही. पत्र काय, धुऱ्यावर बसूनही लिहिता येते.

आता लोचा असा की आमचं राज्य लहान, एक घाट अन दोन किल्ले, बस. उत्तरेचा राजा म्हणते माह्या फौजेले घाटातून वाट दे, दक्षिणेचा म्हणते वाट दिली तर तू दुश्मन. दोघंही डीएम (खासगी मेसेज) करकरून डोकं खाऊन राहिले. मी म्हणलं दोघांसोबतही गुपचूप तह करून टाकावा, ज्याची फौज पहिले येईन त्याचा तह खरा. आमचा राजा बारावीतला पोरगा आहे, तो म्हणते तू काहीबाही बोलत राह्य, मी तोवर फौज वाढवतो. त्यात दक्षिणेचा राजा म्हणजे आमच्याच गावातला माह्या शाळेतला दोस्त, गेममधी थाप मारली तर चौकात माह्यासंग बोलीन का नाही हेही पाहा लागते. अन बाकीचे वेगळेच म्हणून राहिले, की तू काही करतच नाही, नुसता चॅट करते. सांगा आता कसं खेळू.

संत्र्याची_बाग:
भाऊ, दोन गुपचूप तह अजिबात करू नको. सर्व्हरवर कोणतंच गुपित टिकत नाही, कोणीतरी स्क्रीनशॉट टाकतेच, अन मग दोघं मिळून पहिले तुमच्याच किल्ल्यावर येतात, कारण आपसात लढण्यापेक्षा ते सोपं.

तू आधी हे पाह्य की दोघांले नेमकं काय पाहिजे. उत्तरेवाल्याले घाट पाहिजे हे तो बोलूनच राहिला. पण दक्षिणेवाल्याले घाट बंदच पाहिजे असं नाही, त्याले भेव आहे ते बेसावध सापडायचं. मग त्याले ती खात्री विकत दे ना! फौज घाटात शिराच्या एक टर्न आधी तुले खबर देईन असं लिहून दे. अन हेच उत्तरेवाल्याले पण तोंडावर सांगून टाक, की मी खबर देणार आहे, जमत असंन तर वाट घे नाहीतर लांबून फिरून जा. तो चिडीन थोडा. पण लांबून फिरून जायचे टर्न अन दाणापाणी मोजीन तेव्हा ऐकीन. वाट फुकट देऊ नको, दर टर्नले जकात घे, तोफा वेगळ्या मोज.

आता बोलायचं कुठं. बैलबाजारात हेडे म्हणजे दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवतात तसं कर, सौदा चालू आहे हे साऱ्या बाजाराले दिसलं पाहिजे, आकडा दिसू नये. म्हणजे पब्लिक चॅनलवर दोघांचे दूत आले-गेले हे खुशाल टाकत जा, रक्कम डीएममधी.

आणि तुमच्या त्या राजाचं सगळ्यात पहिले पाहा. वकिलानं शब्द द्यायचा अन राजानं मागून फौज वाढवायची असं दोनदा झालं की तुह्या पत्राले कोणी विचारत नाही. कुठपर्यंत कबूल करायचा तुले अधिकार आहे हे त्याच्याकडून लिहून घे, सर्व्हरवरच, त्याच्या नावानं.

नरखेड_पॅसेंजर:
काल्पनिक नकाशा कशाला पाहिजे होता तुम्हाला, आपल्याच मातीत एवढं मटेरियल पडलं आहे की दहा सीझन खेळले तरी पुरेल. पेशवाईतले साडेतीन शहाणे ऐकले असतील, त्यातला एक पूर्ण शहाणा आमच्या नरखेडचा, देवाजीपंत चोरघडे, नागपूरकर जानोजी भोसल्यांचा कारभारी. सखारामबापू बोकील अन निजामाकडचा विठ्ठल सुंदर हे बाकीचे दोन, आणि नाना फडणवीस अर्धा, का तर म्हणे तलवार चालवणारा नव्हता. म्हणजे तुला नुसता चॅट करतो म्हणणारे आजचे नाहीत, नानांनाही लोकांनी अर्धेच मार्क दिले होते.

आता तुझ्या दोन तहांचा किस्सा. १७६३ मध्ये जानोजी निजामाच्या बाजूनं होते, पेशव्यांकडून ३२ लाखांच्या मुलखाचं आमिष आलं अन ते ऐन वेळी निजामापासून बाजूला झाले. १० ऑगस्टला गोदावरीकाठी राक्षसभुवनला निजाम नदीपलीकडं अन त्याची अर्धी फौज अलीकडं अशी सापडली, तिच्यावर पेशवे तुटून पडले, विठ्ठल सुंदर तिथंच मारला गेला. डाव म्हणून पाहिलं तर झकास. पण पुढं वाचा ना. ज्याला दगा दिला तो निजाम अन ज्याच्यासाठी दिला तो पेशवा, दोघं मिळूनच भोसल्यांवर चालून आले, १७६६ मध्ये त्या ३२ लाखातला बराचसा मुलूख परत द्यावा लागला. मग १७६९ चा कनकापूरचा तह, त्यात पेशव्यांना विचारल्याशिवाय फौज वाढवायची नाही अन बाहेरच्या सत्तांशी परस्पर राजकारण करायचं नाही असं कलम घातलं. म्हणजे वकिली करायचा हक्कच गेला! तुझं कॅरेक्टर असल्या कलमानं मरते, तलवारीनं नाही.

मेळघाट_मोड:
मी एका सर्व्हरची जीएम आहे म्हणून दोस्ताबद्दल सांगते, बाकीचं वरच्या दोघांनी सांगितलं आहेच.

आयसी (कॅरेक्टर म्हणून बोलणं) अन ओओसी (खेळाबाहेरचं बोलणं) पहिल्या दिवशीच वेगळं करायचं. तुझ्या त्या शाळेतल्या दोस्ताला चौकात चहा पिताना गेमचं काहीच विचारू नको अन त्यानं विचारलं तर सांगू नको, तहाचं सगळं बोलणं सर्व्हरवर, कॅरेक्टरच्या नावाखाली. पत्राला मायना अन शेवट ठेवला ना की आपोआप फरक पडतो, "अखंडितलक्ष्मीअलंकृत राजश्री" म्हणून सुरू झालं की समोरच्याला कळते हा आता माझा दोस्त नाही, वकील बोलून राहिला. आमच्याकडं रागारागी झाली ती दरवेळी साध्या चॅटमधल्या वाक्यावरून झाली, पत्रावरून कोणी भांडलं नाही. आणि उलटं पण लागू आहे, मी तुला गाडीवर कॉलेजला सोडलं होतं म्हणून वाट दे, असलं काही चालत नाही, आमच्याकडं त्याला सरळ एक टर्न बाद करतो.

चॅटच करतो म्हणणाऱ्यांसाठी दर टर्नला अखबार काढ. जुने वकील दरबारातून बातमीपत्रं पाठवायचेच. कोणाची तोफ कुठं हलली, धान्य कुठं महाग झालं, पाच-सहा ओळी, अन त्यातलं अर्धं फक्त आपल्या राजाला. सेनापतीला तुझ्या बातमीवर एक लढाई जिंकू दे, मग बोलतील का पाहा.

आणि वकिलाचं काम हलकं समजणाऱ्यांना ईव्ह ऑनलाइनचं सांग. २००३ पासून चालू असलेला अंतराळातला गेम, हजारो खेळाडूंच्या युत्या. त्यात गूनस्वार्म नावाच्या युतीचा मुत्सद्दी होता व्हाइल रॅट. खरं नाव शॉन स्मिथ, नोकरीही अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात. ११ सप्टेंबर २०१२ ला बेनगाझीच्या हल्ल्यात तो गेला तेव्हा खेळाडूंनी गेममधल्या कितीतरी स्टेशनांना त्याचं नाव दिलं, अन त्यात त्याच्याविरुद्ध लढणारेही होते.

वर्धेकाठी:
सगळे संत झाले इथं. अरे गेम आहे, दगा नाही दिला तर मजा काय. डिप्लोमसी नावाचा बोर्ड गेम आहे, १९५९ मधी निघाला, सात देश, फासा नाही, सगळे आपापले हुकूम कागदावर लिहितात अन एकाच वेळी उघडतात, त्यात दगा दिल्याशिवाय कोणी जिंकतच नाही. ऑनलाइन फुकट खेळाले भेटते, दोन डाव खेळ मग वकिली कर.

संत्र्याची_बाग:
@वर्धेकाठी दादा, तिथं डाव संपला की हिशोब संपला. याचं सर्व्हर सीझनभर चालते, तेच पोट्टे पुढच्या सीझनले पण राहतात. दगा द्याचाच तर राज्य वाचत असंन तेव्हा द्या, एका घाटाच्या जकातीसाठी कायले?

कापूसकोंड्या:
लय भारी. राजाले पटवलं, अधिकारपत्र दिलं त्यानं. उत्तरेले हा मसुदा पाठवून राहिलो, पाहा बरं:

"अखंडितलक्ष्मीअलंकृत राजश्री उत्तराधीश महाराज गोसावी यांसी, सेवक घाटमाथ्याचा वकील, कृतानेक नमस्कार विनंती उपरि. येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जाणे. विशेष. घाटातून एका टर्नास पाच हजार फौज जाईल, जकात आगाऊ पोचवावी. फौज निघण्याचे एक टर्न आधी दक्षिणेस खबर दिली जाईल, यात अंतर होणार नाही. नदीच्या पश्चिमेकडील मुलखास उपद्रव देऊ नये. बहुत काय लिहिणे, हे विनंती."

नरखेड_पॅसेंजर:
मायना झकास. पण नदीचं कलम ढिलं आहे. इंग्रजांसोबतचा देवगावचा तह पाहा, १७ डिसेंबर १८०३, गाविलगड पडून दोनच दिवस झालेले, नागपूरकर रघुजी भोसले दुसरे पुरते हरलेले. वर्धेच्या पश्चिमेकडचा मुलूख गेला, कटक गेलं, तरी गाविलगड अन नरनाळा हे दोन किल्ले नावानिशी वेगळं कलम करून भोसल्यांकडं ठेवून घेतले. तू तर हरला पण नाहीस अन तुझ्या दोन किल्ल्यांचं नाव कुठंच नाही. नुसतं पश्चिमेकडील लिहिलं तर पूर्वेकडच्या किल्ल्यात ते उद्या दाणागोटा भरतील अन म्हणतील तहात कुठं लिहिलं आहे.

संत्र्याची_बाग:
अन परतीचं? पाच हजार आत आले, घाटातच तंबू ठोकून बसले, तर तुह्या पत्रात त्यांले हाकलाचं एकही वाक्य नाही. "घाटात मुक्काम न करता त्याच टर्नात पार व्हावे, परतताना पुन्हा जकात" एवढं घाल. आगाऊ कोणाकडं जमा करायची तेही लिही, जीएमकडं ठेवाले सांग, अन राजाची सही झाल्याशिवाय पाठवू नको.

कापूसकोंड्या:
हाव, दोन्ही घालतो. राजाचा उद्या फिजिक्सचा पेपर आहे म्हणे, सही परवाच होईन.